किल्ली कोणी दिली?

कोवळ्या वयाच्या चालकाच्या हातून ट्रकने किंवा पिकअपने कोणाचा जीव घेतला, की नंदुरबार जिल्ह्यात दोन वाक्यं हमखास कानावर येतात. ‘पोरगं बेफाम होतं, त्याला आत टाका.’ आणि लगेच, ‘मालक काय करणार, तो तर घरी होता, विमा कंपनी बघून घेईल.’ पहिल्या वाक्यातला संताप रास्त आहे. दुसरं वाक्य कायद्याला धरून नाही, आणि मेलेल्याच्या घरच्यांचं सर्वांत जास्त नुकसान तेच करतं.

मालकाच्या बाजूला आधार मुळीच नाही, असं मी म्हणणार नाही. कुर्बान हुसेन रंगवाला खटल्यात, 1965 साली, सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईतल्या रंगाच्या कारखान्यातली आग होती. सात कामगार जळून मेले होते. तरीही व्यवस्थापकाला भारतीय दंड संहितेच्या 304-अ मधून, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होण्याच्या कलमातून, सोडण्यात आलं, कारण मृत्यूचं थेट आणि निकटचं कारण त्याचं कृत्य नव्हतं. तेच कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 106 या क्रमांकाने आलं. शिक्षेची कमाल मर्यादा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली, पण ‘मृत्यूस कारण होणे’ हा गाभा तोच राहिला. तेव्हा स्टेअरिंगवर नसलेल्या मालकाला या कलमाखाली दोषी ठरवणं अवघड, हे मान्य. मात्र एका कलमातून सुटलेला माणूस साऱ्या कायद्यातून सुटतो, हा निष्कर्ष कुठून आला?

मोटार वाहन कायदा उघडून पाहावा. साध्या गाडीला अठरा वर्षं पुरतात. व्यावसायिक वाहनाला, म्हणजे ट्रकला आणि मालवाहू पिकअपलाही, वीस पूर्ण लागतात. एकोणीस वर्षांचा मुलगा लोकांच्या लेखी ‘वयात आलेला’ असतो, पण ट्रकपुरता तो कायद्याने अपात्रच. आणि अपात्र माणसाला गाडी चालवू द्यायची नाही, ही जबाबदारी कलम 5 ने थेट मालकावर टाकली आहे. ती मोडली तर कलम 180 नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. ही शिक्षा तुटपुंजी आहे, हे मी मोकळेपणाने म्हणतो. पण चालक अठराच्या आतला असेल तर 2019 च्या दुरुस्तीने आलेलं 199-अ लागू होतं. मग पालक किंवा मालक दोषी असल्याचं गृहीत धरलं जातं. आपल्याला ठाऊक नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे त्यानेच सिद्ध करायचं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेने दोघांचा जीव घेतला, तेव्हा दोनच दिवसांत वडिलांना अटक झाली. सातपुड्याच्या घाटात मेलेल्या मजुरांसाठी कॅमेरे येत नाहीत, म्हणून तिथे कलमं बदलतात काय?

आता ‘विमा कंपनी बघून घेईल’ याकडे वळू. शेजारच्या गुजरातमधून सर्वोच्च न्यायालयात गेलेला स्कॅन्डिया विरुद्ध कोकिलाबेन हा 1987 चा निकाल इथे मुळातून समजून घेण्यासारखा आहे. चालक ट्रक चालू ठेवून खाली उतरला आणि परवाना नसलेल्या क्लीनरने तो चालवला. विमा कंपनी म्हणाली, अटीचा भंग झाला, पैसे देणार नाही. न्यायालयाने उत्तर दिलं की मालकाने परवानाधारक चालक नेमला होता, त्याच्या हातात होतं ते त्याने केलं. भंग त्याचा नाही. म्हणजे प्रश्न फक्त ‘चालवत कोण होतं’ एवढाच नाही, ‘त्याच्या हाती गाडी कोणी दिली’ हाही आहे. मालकानेच जाणूनबुजून पोराला किल्ली दिली असेल, तर 2004 च्या स्वर्णसिंग निकालाची वाट मोकळी होते: कंपनीने आधी पीडितांना भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी. विम्याचा हप्ता भरला म्हणून मालकाची जोखीम संपत नाही.

गाडीतच बसलेल्यांची गत याहून वाईट. धडगाव, अक्कलकुव्याकडचे मजूर पिकअपच्या हौद्यात लोखंडी पाइपाला धरून, भांड्याकुंड्यांच्या गाठोड्यांवर पोरंबाळं बसवून कामाला निघतात. ऑक्टोबर 2025 मध्ये, ऐन दिवाळीत, अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदसैली घाटात कोसळली, तीही मालवाहूच. मालवाहू गाडीतून नेलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असं आशा राणी खटल्यात ठरलं आहे. तिथे निवाड्याचं ओझं मालकावरच येतं, आणि एकाच पिकअपवर कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या मालकाकडून वसूल काय होणार? माझ्या मते म्हणूनच मुकादमाचीही चौकशी व्हायला हवी. उचल देऊन माणसं गोळा करणारा आणि ती गाडी ठरवणारा तोच असतो.

राहिला दाव्याचा प्रश्न. 1 एप्रिल 2022 पासून अपघाताच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत लागली. दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला गेलेलं कुटुंब होळीला घरी येतं, तोवर त्यातले बरेच महिने सरलेले असतात. पण मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या त्याच दुरुस्तीत कलम 159 आहे. तपास करणाऱ्या पोलिसाने अपघाताचा अहवाल तयार करून तीन महिन्यांत दावा प्राधिकरणाकडे द्यायचा. आणि 166 च्या चौथ्या पोटकलमानुसार तो अहवालच भरपाईचा अर्ज मानला जातो. विधवेने वकील शोधत नंदुरबारच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवावेत, असं कायद्याला अभिप्रेत नाही. मात्र त्या अहवालात मालकाचं नाव, विमापत्राचा क्रमांक, चालकाची जन्मतारीख आणि गाडी त्याच्या ताब्यात कोणी दिली याचा जबाब, एवढं सगळं यायला हवं. ‘मालक घरी होता’ एवढ्यावर तपास थांबला, तर यातलं निम्मं कागदावर येतच नाही.