आंतरजाल जोडणीतील विलंब व मार्गदोषांचे निदान

आंतरजाल जोडणीतील विलंब व मार्गदोषांचे निदान म्हणजे ग्राहकाचा संगणक आणि दूरचा सर्व्हर यांच्यातील मार्गाचे टप्प्याटप्प्याने मोजमाप करून दोष नेमका कोणत्या भागात आहे, हे ठरविण्याची प्रक्रिया होय. बँडविड्थ म्हणजे एका सेकंदात वाहणारी विदा, तर विलंब म्हणजे एका पॅकेटला जाऊन परत येण्यास लागणारा वेळ. त्यामुळे बँडविड्थ पुरेशी असूनही ऑनलाइन वर्ग किंवा व्हिडिओ कॉल तुटक होऊ शकतो.

अपेक्षित विलंब

काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी जातो. म्हणजेच दर १०० किमी अंतरामागे जाण्या-येण्यास सुमारे १ मिलिसेकंद लागतो. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील आंबागड मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे ७५० किमी आहे. त्यामुळे तेथून मुंबईतील सर्व्हरचा विलंब ७.५ मिलिसेकंदांपेक्षा कमी असू शकत नाही. केबल वळणावळणाने जात असल्याने प्रत्यक्ष आकडा याहून मोठा असतो. तीच पॅकेटे दिल्लीमार्गे गेल्यास किमान विलंब सुमारे २० मिलिसेकंद होतो आणि सिंगापूरमार्गे गेल्यास तो आणखी कितीतरी वाढतो. देशांतर्गत वाहतूक देशातच राहावी, यासाठी २००३ मध्ये 'नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया' अर्थात निक्सी ही संस्था स्थापन झाली.

निदानाची पद्धत

प्रथम वाय-फाय टाळून संगणक केबलने जोडतात व 'पिंग' या साधनाने घरातील राउटरपर्यंतचा विलंब मोजतात. पिंग १९८३ मध्ये माइक म्यूस यांनी तयार केले. घरातच विलंब जास्त असल्यास दोष सेवादात्याचा नसतो. त्यानंतर बाहेरील सर्व्हरचे मोजमाप दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी घेतात. विलंब केवळ संध्याकाळी वाढत असेल तर एखाद्या दुव्यावरील गर्दी संभवते. अचानक वाढून दिवसभर तितकाच राहिला तर मार्ग बदलल्याची शक्यता असते.

मार्ग पाहण्यासाठी व्हॅन जेकबसन यांनी लिहिलेले 'ट्रेसराउट' वापरतात. प्रत्येक पॅकेटवर आयुर्मानाचा एक आकडा असतो व प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. आकडा शून्य झाल्यावर राउटर पॅकेट टाकून देतो व तसे कळवितो. आकडा १, २, ३ असा वाढवीत गेल्यास मार्गातील राउटर क्रमाने उघड होतात.

निष्कर्ष काढताना दोन चुका सामान्यतः होतात. मधल्या एकाच टप्प्यावर विलंब जास्त दिसला, पण पुढील टप्प्यांवर तो कमी असला, तर तो दोष नव्हे. अनेक राउटर अशा चाचण्यांना मुद्दाम सावकाश उत्तर देतात. वाढ त्या टप्प्यापासून शेवटपर्यंत टिकली तरच ती अर्थपूर्ण ठरते. दुसरे म्हणजे, परतीचा मार्ग वेगळा असू शकतो व तो ट्रेसराउटमध्ये दिसत नाही. म्हणून शक्य असल्यास दोन्ही टोकांकडून चाचणी घेतात.

उल्लेखनीय घटना

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालील केबल तुटल्याने भारताची पश्चिमेकडील जोडणी विस्कळीत झाली आणि बरीच वाहतूक पूर्वेकडील लांबच्या मार्गाने वळवावी लागली. २४ फेब्रुवारी २००८ रोजी मात्र कोणतीही केबल तुटली नव्हती. पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरता यूट्यूब रोखण्यासाठी केलेली मार्गघोषणा बाहेर पसरली आणि जगातील मोठ्या भागात यूट्यूब सुमारे दोन तास बंद पडले.

तक्रार व मानके

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २००६ च्या ब्रॉडबँड विनियमांत निक्सी किंवा आंतरराष्ट्रीय द्वारापर्यंतच्या विलंबाची मर्यादा १२० मिलिसेकंद आणि पॅकेटहानीची मर्यादा १ टक्का होती. २०२४ मध्ये त्यांची जागा नव्या एकत्रित विनियमांनी घेतली. प्राधिकरण वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही. ग्राहकाने प्रथम सेवादात्याच्या तक्रार केंद्राकडून तक्रार क्रमांक घ्यावयाचा असतो आणि निवारण न झाल्यास त्याच सेवादात्याच्या अपील प्राधिकरणाकडे जावयाचे असते. तक्रारीत 'नेट संथ आहे' एवढेच लिहिल्यास दोष शोधता येत नाही. दिनांक, वेळ, दोन्ही टोकांचे आयपी पत्ते, सुरळीत व सदोष अशा दोन्ही वेळांचे ट्रेसराउट आणि घरातील राउटरचे मोजमाप जोडल्यास दोष कोणाच्या हद्दीत आहे, हे पडताळता येते.