दाढीची किटली

दाढीचा फेस सहा मिनिटांत गार होतो, हे मला गेल्या डिसेंबरात कळलं.

आधी कधी जाणवलं नव्हतं, कारण माझी स्वतःची दाढी चार मिनिटांत उरकते. पण ऑगस्टमध्ये बाबांना पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू गेली. मी ऑफिसकडून घरून काम मागून घेतलं आणि नाशिकला आलो. तेव्हापासून त्यांची दाढी मी करतो. तिला पंचवीस मिनिटं लागतात.

डावा गाल सैल पडलाय, त्यामुळे कातडी एका हाताने ताणून धरावी लागते. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत, म्हणजे बारीकसं कापलं तरी रक्त लवकर थांबत नाही. मधेच बाबा थकतात, मान खाली जाते, मग थांबायचं. तुम्ही म्हणाल, ट्रिमर घ्यायचा ना. घेतला. बाबांनी उजव्या हाताने गाल चाचपला आणि म्हणाले, "राहिलीय." कोपऱ्यावरच्या सलूनमधले काका दोनदा घरी येऊन गेले. तिसऱ्या वेळी बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. हा माणूस तीस वर्षं एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता, आणि पहाटेच्या पाळीलाही गुळगुळीत दाढी करून जायचा. नळाचं गार पाणी, पाच मिनिटं, विषय संपला.

डिसेंबरात थंडी वाढली. गार झालेला फेस उजव्या गालाला लागला की बाबा दचकायचे. एकदा ते दचकले, माझा हात हलला आणि हनुवटीखाली कापलं. वीस मिनिटं कापूस दाबून बसलो. आई दारात उभी होती, काही बोलली नाही. त्या रात्री मी फेस गरम कसा ठेवायचा ते शोधायला बसलो, आणि थेट एकोणिसाव्या शतकात जाऊन पोचलो. तिथे या कामासाठी एक खास भांडं होतं. त्याचं नाव शेव्हिंग स्कटल.

स्कटल हा शब्द लॅटिनमधल्या 'स्कुटेला' म्हणजे ताटली या शब्दावरून आलाय. इंग्लंडमध्ये शेगडीशेजारी कोळसे ठेवायच्या रुंद तोंडाच्या बादलीलाही स्कटलच म्हणतात. दाढीचं स्कटल दिसायला बुटक्या किटलीसारखं असतं, फक्त तोटीच्या जागी रुंद तोंड. पोटात गरम पाणी भरायचं. रुंद तोंडातून ब्रश आत बुडवायचा. वर एक खोलगट बशी, तिच्यात गोल साबण. बशीला भोकं, म्हणजे साबणावरचं जास्तीचं पाणी परत आत. इंग्लंडमध्ये, जर्मनीत, ऑस्ट्रियात चिनीमातीची अशी हजारो भांडी झाली. श्रीमंतांकडे चांदीचा मुलामा दिलेली असत. फोटो पाहून आई म्हणाली, "दाढीची किटली आहे ही." आमच्या घरात तेच नाव पडलं.

हे भांडं का लागायचं, ते त्या काळच्या घरात शिरल्याशिवाय कळत नाही. व्हिक्टोरियन घरात वरच्या मजल्यावर गरम पाण्याचा नळ नसायचा. पाणी खाली स्वयंपाकघरात तापायचं आणि नोकर पितळेच्या नाहीतर तांब्याच्या उंच झाऱ्यातून ते जिना चढून झोपायच्या खोलीच्या दाराशी आणून ठेवायचा. सकाळी मिळायचं ते एवढंच. त्यातच तोंड धुवायचं, त्यातच दाढी. आणि दाढी व्हायची उघड्या वस्तऱ्याने. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजायचा, गाल ताणायचा, हळूहळू एकेक पट्टा उतरवायचा. घाई केली की रक्त. क्रिमियाच्या युद्धात (१८५३ ते १८५६) हिवाळ्यात ब्रिटिश सैनिकांना दाढी वाढवायची मोकळीक मिळाली, त्यामागेही थंडी आणि साबणाची टंचाई होती. गरम पाणी नसेल तर वस्तरा चालवणं किती त्रासाचं असतं, हे लष्करालाही कळत होतं.

यामागचं शास्त्र साधं आहे. केस पाणी शोषतो, स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के. पाणी शिरलं की तो फुगतो, मऊ होतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. पाणी गरम असेल तर हे लवकर होतं. फेसाचं काम हे पाणी केसांवर धरून ठेवायचं. पण फेस म्हणजे बहुतेक हवाच. त्यात उष्णता साठवायला पाणी असतं जेमतेम दोन-तीन चमचे. मी कागदावर आकडे मांडले. १५ ग्रॅम पाण्याचा फेस ४५ अंशांवरून ३० वर आला, तर त्यातून साधारण एक किलोज्यूल उष्णता जाते. २५० मिली पाणी ६५ वरून ४५ वर येताना एकवीस किलोज्यूल देतं. म्हणजे फेसाभोवती पाण्याचा वेढा असेल, तर वीसपट साठा हाताशी असतो.

हे गणित मांडताना मला आजीचा बंब आठवला. तांब्याच्या बंबात मधोमध विस्तवाची नळी आणि भोवती पाणी. किटलीत त्याच्या उलट: मधे फेस, भोवती गरम पाणी.

मग ही किटली गेली कुठे? एक उत्तर आपल्या बाथरूममध्ये लटकलेलं असतं. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन मॉन नावाच्या माणसाने गॅसवर झटपट पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि आइसलँडमधल्या गरम पाण्याच्या कारंज्यांवरून त्याचं नाव ठेवलं 'गीझर'. त्याच्या यंत्रात धूर बाहेर जायला नळकांडंच नव्हतं, त्यामुळे ते धोक्याचं होतं. पण पुढे यंत्रं सुधारली आणि गरम पाणी नळातून यायला लागलं.

खरा धक्का मात्र पात्याने दिला. बॉस्टनमध्ये किंग जिलेटला फेकून द्यायच्या पात्याची कल्पना सुचली होती, पण इतक्या पातळ पोलादाला धार धरता येईल असं कुणाला वाटत नव्हतं. विल्यम निकरसन या इंजिनिअरने ते तंत्र जमवलं. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, कंपनीचे रेझर खपले ५१ आणि पाती १६८. पुढच्याच वर्षी रेझर गेले नव्वद हजारांवर. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी सुमारे पस्तीस लाख रेझर घेतले गेले. तरुण पोरं युद्धावरून परत आली ती स्वतःची दाढी स्वतः, पाच मिनिटांत करायची सवय घेऊन.

त्याआधी अमेरिकेत न्हाव्याच्या दुकानात भिंतीवर खणाखणांची फळी असायची आणि तिच्यात गिऱ्हाइकांचे मग. प्रत्येकावर सोनेरी अक्षरांत नाव, कधी धंद्याचं चित्रही: खाटकाच्या मगावर बैल, रेल्वेवाल्याच्या मगावर इंजिन. कारण साबण एकमेकांचा वापरला की गालावर खाज आणि पुरळ येतं, अशी भीती होती. पात्याने हे मगही घरी पाठवले. आपल्याकडेही बलुतेदारीत न्हावी धोकटी घेऊन ओट्यावर यायचा, पितळी वाटीतलं पाणी गालाला चोळून वस्तरा फिरवायचा, आणि वर्षाकाठी धान्याच्या रूपात त्याचं बलुतं मिळायचं. पुढे सलून आलं, मग पातं आलं, आणि दाढी हे एकट्याने आरशासमोर करायचं काम झालं.

ब्रशचीही पत गेली ती त्याच युद्धात. बिज्जूच्या केसांचा पुरवठा तुटला, म्हणून स्वस्त ब्रश घोड्याच्या केसांचे बनायला लागले. त्यातले काही केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. त्यांतून अँथ्रॅक्स पसरला, आणि सैनिक व नागरिक धरून दोनशेहून जास्त लोकांना लागण झाली. ब्रिटनने १९२० मध्ये जपानी दाढीब्रशांच्या आयातीवर बंदी घातली. त्याच सुमारास, १९१९ मध्ये, फ्रँक शील्ड्स या रसायनशास्त्राच्या माजी प्राध्यापकाने बार्बासोल काढलं. हे ब्रशशिवाय लावायचं क्रीम होतं. १९४९-५० च्या सुमारास 'राइज' नावाचा फेस डब्यातून फुसकन बाहेर आला. आता फेस करायचंही काम उरलं नाही, तर तो गरम कुठे ठेवणार?

हा इतिहास वाचून माझा एक समज बदलला. मला आधी वाटलं होतं, किटली म्हणजे साहेबी चैन. पण ती खरी लागत होती वेळेसाठी. दाढीला वीस-पंचवीस मिनिटं लागत होती तोवर किटली होती. दाढी पाच मिनिटांची झाली आणि किटली फडताळात गेली. फेस गार व्हायच्या आत जर माणूस तोंड धुऊन मोकळा होत असेल, तर त्याला गरम ठेवायची गरजच नाही. बाबांना आयुष्यभर ती लागली नाही, कारण पाळी पकडायची होती. आता लागत होती, कारण आमच्या घरात दाढी पुन्हा पंचवीस मिनिटांची झाली होती.

मग निवडायचं कसं?

जुनी किटली ऑनलाइन मिळते, दिसते सुंदर. पण नीट पाहिलं तर ती फेस गरम ठेवतच नाही. गरम राहतं पाणी आणि ब्रश, फेस करायचा थेट गालावर. शिवाय भोकांतून साबणाचं पाणी आत गळतं आणि पोट आतून घासता येत नाही. जुन्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं, हेही होतंच. ती बाद. धातूची बाद, कारण धातू उष्णता बाहेरही तितक्याच वेगाने सोडतो. धरताना हाताला चटका, आणि आत लवकर गार.

उरली नवी, दुहेरी भिंतीची. या शतकात हौशी लोक पुन्हा ब्रशकडे वळले, तेव्हा कुंभारांनी जुन्या आकारात बदल केला. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियामध्ये सारा बॉनीमन यांच्याकडे बनलेलं 'मॉस स्कटल' आणि अमेरिकेत मेन राज्यातल्या जॉर्जटाउन पॉटरीची भांडी त्यातली नावाजलेली. यांत वाडग्यात वाडगा असतो. बाहेरच्या पोकळीत पाणी, आतल्या वाडग्यात फेस. आतल्या तळाला बोटाने ओढल्यासारख्या रेघा असतात, त्यांवर ब्रश घासला की फेस लवकर चढतो. मी हाच प्रकार आपल्याकडच्या एका स्टुडिओ पॉटरकडून करून घेतला. अटी तीनच होत्या. बूड रुंद हवं, कारण ती हातात नाही तर पलंगाशेजारच्या टेबलावर राहणार. पाणी पाव लिटर मावलं पाहिजे. आणि पाणी घालायचं तोंड मोठं हवं, मधेच बदलता आलं पाहिजे.

चौथी गोष्ट मातीत करून घेता येत नव्हती. बाबांच्या डाव्या गालाला गरम-गार कळतच नाही. ६० अंशांच्या पाण्याने पाचेक सेकंदांत कातडी भाजू शकते, आणि जिथे कळत नाही तिथे माणूस ओरडणारही नाही. म्हणून बाहेरच्या पोकळीत उकळतं पाणी कधीच घालायचं नाही. फेस आधी माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा, बाळाचं दूध बघतात तसा. आणि सुरुवात नेहमी उजव्या गालापासून. उजवा गाल ठीक म्हणाला, की मग डावा.

पहिल्या दिवशी बाबांनी किटलीकडे बघितलं आणि अडखळत म्हणाले, "चहा... नाही का?"

"आधी दाढी, मग चहा," मी म्हटलं.

फेस उजव्या गालाला लागला. ते दचकले नाहीत. डोळे मिटून घेतले. वीस मिनिटांनी मी थर्मामीटर लावला, ३६ अंश. तो आकडा मी आईलाही ओरडून सांगितला. तिने आतून विचारलं, "म्हणजे ताप नाही ना?"

फेब्रुवारीत एका सकाळी बाबांनी माझ्या हातातला ब्रश मागितला. उजव्या हाताने धरला, किटलीत फिरवला आणि स्वतःच्या गालावर लावायला लागले. कानाला लागला, बनियनला लागला, नाकात गेला. मी थांबवलं नाही. रेझर मात्र माझ्याच हातात ठेवला.

त्या दिवशी दाढीला पाऊण तास लागला. मधे एकदा पाणी बदलावं लागलं.