कंधारचा कैदी आणि राजा लिअर

लिअरची शोकांतिका आपण बहुधा मुलींच्या कृतघ्नतेची कथा म्हणून वाचतो आणि वर्गातही तशीच शिकवतो. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मुळे (१९७०) तर म्हाताऱ्याने हयातीत सर्वस्व देऊन टाकू नये, हाच जणू तिचा निष्कर्ष मराठी मनात पक्का झाला. पण ज्याने काहीच सोडले नाही, अशा वृद्ध सत्ताधीशाचे काय होते? उत्तरासाठी आम्हां मराठवाड्यातील वाचकांना ब्रिटनपर्यंत जाण्याचे कारण नाही. हिंगोलीचा मुलूख १९४८ पर्यंत ज्या आसफजाही दौलतीत होता, तिच्या संस्थापकाच्याच घरात हे नाट्य घडले.

१७३७ मध्ये बादशहाच्या बोलावण्यावरून निजामुल्मुल्क आसफजाह दिल्लीस गेला. दख्खनचा कारभार त्याने नासिरजंग या मुलावर सोपवला; मुलगा तेव्हा पंचविशीचा. पुढे १७३९ ची नादिरशाहाची स्वारी आली. बाप उत्तरेत अडकला आणि मुलगा राज्य करायला शिकला. परतणाऱ्या सत्तरीतल्या बापाला आज्ञाधारक मुतालिक अपेक्षित होता. समोर उभा राहिला तो खरी सत्ता भोगलेला पुरुष. १७४१ मध्ये औरंगाबादजवळ बापलेकांची लढाई झाली. नासिरजंग जखमी होऊन पकडला गेला आणि कंधारच्या, म्हणजे आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील, किल्ल्यात कैदेत पडला.

लिअरने किताब ठेवून सत्ता दिली. निजामाने सत्ता ठेवून काम दिले. आंधळेपण मात्र दोघांचे एकच: हाती आलेली सत्ता घेणाऱ्याला बदलते, हे दोघांनाही दिसत नाही. कृतघ्नता हा शब्द तर नेहमी बापाच्याच बाजूचा. लिअरच्या शंभर स्वारांचा बोजा सोसणाऱ्या गॉनेरिलची पहिली तक्रार, तिचे पुढचे क्रौर्य क्षणभर बाजूला ठेवले तर, अगदीच निराधार वाटत नाही. नासिरजंगाची बाजू घेतल्यामुळे मर्जीतून उतरलेला शाहनवाजखान पुढे काही वर्षे घरी बसला आणि त्या सक्तीच्या विश्रांतीत त्याने ‘मआसिर-उल-उमरा’ हा मोगल सरदारांचा चरित्रकोश सिद्ध केला. मोगल इतिहासाच्या अभ्यासकांवर हे त्या बंडाचे उपकारच म्हणायचे.

नाटकात मुलगी बापाला क्षमा करते. इथे बापाने मुलाला केली. मरताना त्याला उपदेशाचे मृत्युपत्रही दिले. १७४८ मध्ये बुऱ्हाणपुरास निजाम वारला आणि नासिरजंग गादीवर आला, तोच भाचा मुजफ्फरजंग त्याच्याविरुद्ध उभा राहिला. १७५० च्या डिसेंबरात जिंजीजवळ नासिरजंग स्वतःच्याच छावणीतील फितुरीने मारला गेला. दोन-तीन महिन्यांत मुजफ्फरजंगही. मग सलाबतजंग आला. १७६२ मध्ये धाकटा भाऊ निजामअली याने त्याला पदच्युत करून बीदरच्या किल्ल्यात टाकले, आणि पुढच्याच वर्षी तो तिथे मेला.