सेवेचे तास : फ्रीगंजच्या कॉन्व्हेंटमधल्या एका वहीचा इतिहास

मंडळाच्या बैठकीत कुणी ना कुणी एखादी जुनी वस्तू घेऊन येतं. कुणी ग्वाल्हेर संस्थानचं नाणं आणतं, कुणी घराची सनद, कुणी पणजोबांचा फोटो. मागच्या वेळी मी माझी शाळेतली वही नेली. खाकी पुठ्ठा, आत हाताने आखलेले चार रकाने : तारीख, काम, तास, सही. वर लिहिलंय एस.यू.पी.डब्ल्यू. वर्ष १९९१-९२, इयत्ता नववी. शाळा इथलीच, फ्रीगंजमधली एक कॉन्व्हेंट. एका काकांनी हसून विचारलं, "ताई, आता हा पण इतिहास का?" त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हा निबंध.

वहीत घडी घातलेली एक चिठ्ठी आहे, माझ्या बाबांच्या हातची. शाळेत आठवडाभर आमच्या तुकडीकडे स्वच्छतागृहं धुण्याचं काम आलं होतं. बाबांनी लिहिलं होतं की असली सेवा हे तुमच्या धर्माचं काम असेल, आमच्या घरच्या मुलीने ते करावं असं आम्हाला वाटत नाही. खाली सिस्टरांनी लाल शाईत उत्तर दिलं होतं : हे धर्माचं काम नाही, बोर्डाचा विषय आहे, याची ग्रेड द्यावी लागते. बाबा त्यावर काही बोलले नाहीत. मी बादली उचलली.

यात खरं कोणाचं होतं? कॉन्व्हेंटमधली सक्तीची सेवा ही मिशनची रीत, असं फ्रीगंजच्या आमच्या गल्लीत सगळेच धरून चालत. मीसुद्धा. इतक्या वर्षांनी धागा शोधायला बसले, तेव्हा तो केरळकडे किंवा रोमकडे जाईल असं वाटलं होतं. निघाला तो वर्ध्याकडे.

वर्ध्याची वाट

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, आणि हाताच्या कामाभोवती गुंफलेलं, असा ठराव तिथे झाला. आराखड्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली. तिच्यात विनोबा भावे होते, काकासाहेब कालेलकर होते, के. जी. सैयदैन होते. आणि जे. सी. कुमारप्पा होते, जे तमिळ ख्रिस्ती घराण्यातले. हीच ती 'नई तालीम'.

नई तालीममध्ये काम हा वेळापत्रकातला एक तास नव्हता. सूत कातताना गणित, शेतात भूगोल, स्वयंपाकात आरोग्य, असं सगळं कामातूनच शिकायचं. सेवाग्रामच्या शाळेत सफाई हा रोजच्या शिक्षणाचा भाग होता, आणि संडाससफाई त्यातून वगळलेली नव्हती. त्यामागे सरळ हिशेब होता. जे काम समाजाने पिढ्यान्‌पिढ्या एकाच जातीच्या माथी मारलं, ते सगळ्यांच्या मुलांनी केल्याशिवाय त्या कामाची आणि ते करणाऱ्यांची अवहेलना संपणार नाही. आमच्या बाबांची चिठ्ठी या हिशेबासमोर ठेवली की वेगळीच दिसते. त्यांनी धर्माचं नाव घेतलं, पण त्यांना टोचत होती ती जात. खादी वापरणारे, दोन ऑक्टोबरला न चुकता भजनाला जाणारे बाबा. त्यांच्यावर टीका करायची म्हणून हे लिहीत नाहीये. त्या काळी फ्रीगंजमधल्या आमच्यासारख्या मराठी नोकरदार घरांत बहुतेकांनी हेच लिहिलं असतं.

गंमत म्हणजे हे दोन प्रवाह मुळाशी तितके लांब नाहीत. 'शरीरश्रम' हे गांधीजींच्या एकादश व्रतांपैकी एक. घाम गाळून मिळवलेल्या भाकरीचा तो विचार त्यांनी टॉल्स्टॉयकडून उचलला आणि गीतेच्या तिसऱ्या अध्यायाशी जोडला. टॉल्स्टॉयने तो घेतला होता बायबलच्या पहिल्याच पुस्तकातून.

सक्ती की खुशी?

स्वातंत्र्यानंतर प्रश्न उभा राहिला की विद्यार्थ्यांकडून देशसेवा घ्यायची ती सक्तीने की खुशीने. १९५९मध्ये यासाठी समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्ष होते आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. समितीने सुचवलं की हायस्कूल संपवून पुढे शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते वर्षभर सक्तीची राष्ट्रीय सेवा करावी. एवढा खर्च आणि एवढी व्यवस्था कोण करणार, हा पेच होताच. मग सैयदैन यांनी इतर देशांतले प्रयोग पाहून १९६०मध्ये अहवाल दिला : सेवा असावी, पण स्वेच्छेची. हे सैयदैन म्हणजे वर्ध्याच्या समितीतलेच.

पण सक्तीचा विचार मिटला नाही. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभव आणि समाजसेवा शिक्षणाच्या सगळ्या टप्प्यांवर असावी असं म्हटलं आणि दिवसही मोजून दिले : निम्न माध्यमिकला ३०, उच्च माध्यमिकला २०, पदवीला ६०. 'सेवेचे तास मोजणं' आपल्याकडे इथून रुजलं असं मला वाटतं. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ला, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. विक्रम विद्यापीठात शिकलेल्या आपल्यातल्या कित्येकांनी पुढे एन.एस.एस.चे दोन वर्षांत २४० तास भरले आहेत आणि खेड्यातल्या शिबिरात कच्ची खिचडीही खाल्ली आहे. ती योजना मात्र स्वेच्छेची. म्हणजे कॉलेजात सैयदैन जिंकले.

शाळेत जिंकले देशमुख, तेही मागच्या दाराने. १९७७मध्ये जनता सरकारच्या काळात ईश्वरभाई पटेल समितीने दहा वर्षांच्या शालेय अभ्यासक्रमाचा फेरविचार केला आणि त्यात एक नवा शब्द आला : सोशली युजफुल प्रॉडक्टिव्ह वर्क. आपल्या भाषेत समाजोपयोगी उत्पादक कार्य. हाताने केलेलं, हेतू असलेलं, आणि ज्यातून समाजाला उपयोगी वस्तू किंवा सेवा मिळेल असं काम. समितीची भाषा वर्ध्याचीच आहे. पण शाळांपर्यंत पोहोचेस्तोवर त्याचा झाला एक तास, एक वही आणि एक ग्रेड. अनेक शाळांत त्या तासाला मेणबत्त्या आणि कागदी फुलं व्हायची, नाहीतर गणिताचा उरलेला पोर्शन. एस.यू.पी.डब्ल्यू. म्हणजे 'सम युजफुल पीरियड्स वेस्टेड', हा विनोद देशभरातल्या मुलांना पाठ होता. आयसीएसई बोर्डाने तर 'कम्युनिटी सर्व्हिस' हे शब्द विषयाच्या नावातच घातले आणि त्यात पास झाल्याशिवाय प्रमाणपत्र नाही असा नियम ठेवला.

तेव्हा सिस्टरांचं लाल शाईतलं वाक्य अक्षरशः खरं होतं. ती वही मिशनची नव्हती, बोर्डाची होती. बोर्डाकडे ती आली वर्ध्याहून.

मग चर्चचं काय?

एवढ्यावर थांबले तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. १९६२ ते ६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कॅथलिक शाळांना चार भिंतींबाहेर बघायला लावलं. ३१ जुलै १९७३ला स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात जेझुइट संघाचे प्रमुख पेद्रो आरुपे माजी विद्यार्थ्यांसमोर बोलले. आपल्या शाळांनी तुम्हाला न्यायासाठी घडवलं का, असा प्रश्न त्यांनी विचारला आणि नाही, असं मोकळेपणाने कबूलही केलं. इतरांसाठी जगणारी माणसं घडवणं हे शाळेचं काम, हा त्यांचा शब्दप्रयोग पुढे जगभरच्या कॅथलिक शाळांत पोहोचला. अमेरिकेत कॅथलिक हायस्कूलमधून बाहेर पडायचं तर ठरावीक सेवातास भरावे लागणं ही आता सर्रास गोष्ट आहे. मेरीलँड राज्याने तर १९९२मध्ये सरकारी शाळांनाही ७५ तासांची अट घातली. तिकडे राहणाऱ्या आपल्या नातवंडांना विचारा, 'सर्व्हिस अवर्स' त्यांना बरोबर माहीत असतात.

आणि आपल्याकडे? उज्जैनचं स्वतंत्र सीरो-मलबार धर्मक्षेत्र स्थापन झालं १९६८मध्ये. केरळातून आलेले पाद्री आणि सिस्टर इथे शाळा-दवाखान्यांत काम करू लागले. त्याच वर्षी मध्य प्रदेशचा धर्मस्वातंत्र्य कायदा झाला. जबरदस्तीने, आमिष दाखवून किंवा फसवून धर्मांतर करण्यावर त्याने बंदी घातली, आणि १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. याची पूर्वपीठिका जुनी आहे. १९५४मध्ये नागपूर राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली होती. उज्जैन तेव्हा मध्यभारतात होतं, आणि मध्यभारतानेही रेगे समितीकरवी वेगळी चौकशी केली. दोन्हींचे अहवाल १९५६चे. शाळा आणि दवाखान्यांतली सेवा ही निव्वळ सेवा आहे की तिच्यामागे दुसरा हेतू आहे, हा संशय तेव्हापासून सरकारी कागदावर आलेला.

या पार्श्वभूमीवर सिस्टरांच्या त्या उत्तराचा अर्थ मला आता लागतो, निदान मी तो असा लावते. पवित्र गुरुवारी येशूने शिष्यांचे पाय धुतल्याची आठवण पाळणाऱ्या बाईकडे स्वच्छतागृह धुण्यासाठी स्वतःचं कारण नक्कीच असणार. पण ते कारण तिने आमच्या घरी लिहून पाठवलं असतं तर चिठ्ठीची तक्रार व्हायला वेळ लागला नसता. 'बोर्डाचा विषय' हे सुरक्षित उत्तर होतं. खरंही होतं, पण अपुरं. कारण विषय सगळ्याच शाळांत होता. आमच्या शाळेत बादली घेऊन आमच्या आधी आत जाणारी सिस्टर होती. नियम वर्ध्याचा आणि तो मनावर घेणारी माणसं चर्चची, अशी ती जोडणी होती.

वहीतल्या खोट्या ओळी

आता कबुलीची गोष्ट. वहीतले सगळे तास खरे नाहीत. घराजवळच्या कामवाल्या मावशींच्या मुलाला पाढे शिकवण्याचे मी आठ तासांचे बारा लिहिले आहेत. मैत्रिणीने वीस लिहिले. तास मोजले की तास चोरले जातात, हे देशमुख समितीच्या वेळी कोणी मांडलं होतं का ठाऊक नसलं तरी नववीतल्या प्रत्येक मुलीला ते माहीत होतं. त्या मुलाला सातचा पाढा कधी नीट आलाच नाही, कारण बारा तास भरल्यावर मी जाणं बंद केलं. सक्तीच्या सेवेविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा माझ्या अक्षरात आहे.

पण वहीच्या शेवटच्या पानावर आणखी काही ओळी आहेत. एप्रिल-मे १९९२, सिंहस्थ. परीक्षा झालेली, ग्रेड लागलेली. शाळेतल्या काही मुली टॉवर चौकाकडे यात्रेकरूंना पाणी देत होत्या, त्यांच्यात मीही गेले. आजी म्हणाली, "पाणी पाजण्याची वही कसली ठेवतेस गं? प्याऊ काय पहिल्यांदा बघतेस?" तिचं बरोबर होतं. मेळ्यात सेवा करण्याची रीत बोर्डापेक्षा आणि कॉन्व्हेंटपेक्षा जुनी. गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले हृदयनाथ कुंझरू प्रयागला सेवा समितीचं काम करत होते, आणि त्याच परंपरेतून पुढे सेवा समितीचे बालवीर मेळ्यांत दिसू लागले. आमच्या सिंहस्थातही स्काउटची मुलं होतीच. मी सवयीने तारखा लिहिल्या. काम लिहिलं. तास आणि सहीचे रकाने रिकामे आहेत.

बादली सक्तीने उचलली नसती तर मी त्या उन्हात गेले असते का? प्रामाणिकपणे सांगते, मला नाही वाटत. म्हणून देशमुख आणि सैयदैन यांच्या वादात मी अजूनही कोणा एकाच्या बाजूने उभी राहू शकत नाही.

सीबीएसईने २०१८पासून नववी ते बारावीसाठी शारीरिक शिक्षणाच्या आराखड्यात पुन्हा असंच काम घातलं आहे. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवली की 'सेवा' होतं. म्हणजे फ्रीगंजच्या शाळांत आजही असल्या वह्या तयार होत आहेत, काही तर मोबाइलवर. २०२८चा सिंहस्थही आता दूर नाही.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच : हो, हा पण इतिहास. राजवाड्यांचे आणि देवळांचे कागद कोणीतरी जपतं, शाळेच्या वह्या रद्दीत जातात. कोणाच्या माळ्यावर एस.यू.पी.डब्ल्यू.च्या वह्या, शिबिरांची प्रमाणपत्रं, श्रमदानाचे फोटो असतील, मग शाळा कॉन्व्हेंट असो, सरकारी असो की आणखी कुठली, तर पुढच्या बैठकीला घेऊन या. खोटे तास लिहिलेले असले तरी चालतील.