जुन्या भिंती, नवे वर्ग



गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबईस गेलात की शेवटच्या स्थानकासमोरच, दादाभाई नौरोजी रस्त्यावर, घुमट-कमानींची एक दगडी इमारत दिसते. ती अंजुमन-ए-इस्लामची शाळा. बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ साली ही संस्था स्थापन केली. १८८० साली शाळा सुरू झाली. १८९० मध्ये आजच्या इमारतीची कोनशिला बसली आणि १८९३ मध्ये वास्तू तयार झाली. इंग्रजी शिक्षणाविषयी साशंक असलेल्या पालकांना शाळा परकी वाटू नये, म्हणून घुमट-कमानी घेतल्या असाव्यात, असा माझा आपला तर्क आहे. त्याच वास्तूत आजही मुले शिकतात.

मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंची नियमावली लागू आहे. यादीतील इमारतीत परवानगीवाचून फेरबदल करता येत नाहीत. यादीत नाव आले की संस्थेचे हात बांधले गेले, असे पुष्कळांना वाटते. त्यांनी तेथून पायी जाण्याच्या अंतरावरील मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय व राजाबाई टॉवर अवश्य पाहावा. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून १८६९ ते १८७८ या काळात ही वास्तू उभी राहिली. मनोऱ्याला त्यांच्या आईचे नाव आहे. २०१३ ते २०१५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या अर्थसाहाय्याने तिचा जीर्णोद्धार झाला. खिडक्यांच्या रंगीत काचा फेकून साध्या बसविल्या नाहीत, त्याच दुरुस्त केल्या. अन् २०१८ साली हा परिसर जागतिक वारसा यादीत गेला.

आता आपल्याकडचे पाहू. कवेलूच्या छपराखाली, चुन्यात बांधलेल्या जाड भिंतींच्या जुन्या वास्तू आपल्या भागातही आहेत. त्यांत वर्ग भरवायचे ठरले की पहिली सूचना येते ती सिमेंटच्या गिलाव्याची आणि तेलरंगाची. हेतू चांगला, परिणाम वाईट! चुन्याची भिंत पावसाळ्यात ओल घेते व उन्हाळ्यात बाहेर टाकते. वर सिमेंट थापले की ती ओल आत कोंडते, क्षार फुटतात आणि दोन-चार पावसाळ्यांत पोपडे पडू लागतात. मग दोष मात्र जुन्या भिंतीला! तेथे चुन्याचाच गिलावा हवा, वर चुन्याची सफेदी. काम सावकाश होते, हे खरे; गिलावा कित्येक दिवस ओला ठेवावा लागतो, आणि चुना मळणारा गवंडी शोधावा लागतो.

पंखे, दिवे, संगणक मुलांना हवेतच. पण विजेच्या तारांसाठी भिंतीत खाचा पाडू नका, वरून पट्टीतून न्या. उद्या बदलायच्या झाल्या तरी भिंतीला धक्का नाही. स्वच्छतागृह मुख्य इमारतीला न चिकटवता थोडे अंतर सोडून बांधा. तुळई एका टोकाला कुजली असेल तर तेवढाच तुकडा सुताराकडून बदलता येतो.

येत्या सुट्टीत रंगाचे डबे आणण्यापूर्वी एवढे करा: भिंतीचा सुटलेला पोपडा नखाने काढून पाहा. आत पांढरा चुना निघाला, तर तेलरंगाची ऑर्डर रद्द करा.