गादी, मेज आणि केबिन : खासगी कचेरीच्या मांडणीचा इतिहास

कचेरीतील लाकूडसामान कोठे व कसे मांडावे, हा प्रश्न मालक, सुतार आणि ठेकेदार यांनी मिळून सोडवावयाचा, त्यात इतिहासाच्या अभ्यासकाला काही कर्तव्य नाही, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु कारभाराच्या परिभाषेकडे थोडे बारकाईने पाहिले म्हणजे हा समज टिकत नाही. सत्तेची, अधिकाराची आणि कारभाराची कितीतरी नावे मुळात बसण्याच्या, लिहिण्याच्या अगर कागद ठेवण्याच्या साधनांची नावे आहेत. माणूस कोठे बसतो यावरून तो कोण आहे हे ठरविण्याची रीत ज्या समाजांत होती, त्या समाजांच्या भाषांत आसनाचे नाव अधिकाराला मिळाले. ही रीत पुढेही टिकली किंवा कसे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम शब्दांचा पुरावा पाहावा. ‘दफ्तर’ या शब्दाचे मूळ ग्रीक ‘डिफ्थेरा’ म्हणजे कमावलेले कातडे. लिहिण्याचे कातडे, मग नोंदवही, मग नोंदवह्या ठेवण्याची जागा, अशी अर्थाची वाटचाल करीत तो फारसीमार्गे मराठीत आला आणि ‘दप्तर’ या रूपाने अखेर शाळकरी मुलाच्या खांद्यावरही जाऊन बसला. ‘दिवाण’ या शब्दाची कथा याहून बोलकी आहे. त्याचा संबंध प्राचीन इराणी ‘दिपि’ म्हणजे लेखन या शब्दाशी जोडला जातो. अशोकाच्या शाहबाजगढी येथील लेखांत आढळणारा ‘दिपि’ आणि संस्कृत ‘लिपि’ ही त्याचीच भावंडे. नोंदवही, मंत्रिमंडळ, अधिकारी आणि न्यायाचे एक अंग असे अर्थ या एका शब्दाने धारण केले. मराठीत त्यावरून दिवाणी दावाही आला आणि दिवाणखानाही. युरोपात मात्र तोच शब्द भिंतीलगतच्या लांब आसनाला जाऊन चिकटला. फ्रेंच ‘ब्यूरो’ हे मुळात मेजावर अंथरावयाच्या जाड लोकरी कापडाचे नाव. कापडावरून मेज, मेजावरून खोली, खोलीवरून कारभारखाते असा त्याचा विस्तार झाला आणि अठराव्या शतकाच्या मध्यास व्हँसां द गुर्ने याने नोकरशाहीचे नाव त्यावरूनच पाडले. ‘खुर्ची’ अरबीतून फारसीद्वारा आली. तिचे मूळ अक्कादी भाषेपर्यंत मागे नेता येते. आज ‘खुर्ची’ म्हणजे पद हा अर्थ मराठी वृत्तपत्राच्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

मात्र केवळ व्युत्पत्तीवरून इतिहास सिद्ध होत नाही, हे येथेच नमूद केले पाहिजे. मूळ अर्थ हा शब्दाचा जन्म सांगतो, त्याचे आजचे वर्तन सांगत नाही. ‘कपाट’ हे याचे चांगले उदाहरण. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. मराठीत तद्भव ‘कवाड’ दारच राहिले, आणि तत्सम ‘कपाट’ मात्र दारे असलेल्या, वस्तू ठेवण्याच्या साधनाचे नाव झाले. त्यावरून मराठी माणूस कपाटातून ये-जा करीत होता असे कोणी म्हणणार नाही. म्हणून शब्दाच्या साक्षीला प्रत्यक्ष मांडणीच्या साक्षीची जोड द्यावयास हवी.

ही जोड मराठी मुलखात सहज सापडते. वाड्यातील ‘सदर’ हा शब्द अरबी ‘सद्र’ म्हणजे छाती, पुढचा भाग, मानाची जागा यापासून आलेला; आणि सदर ही वाड्यात खरोखरच पुढच्या बाजूची, धन्याने कामकाजास बसावयाची जागा असे. पुण्यातील पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात ‘फड’ आणि ‘एकबेरीज’ असे प्रमुख विभाग होते. फडात हुकूम व सनदा तयार होत, एकबेरजेत निरनिराळ्या हिशेबांचा मेळ घातला जाई. कारकून बैठकीवर मांडी घालून मोडीत लिहीत आणि कागद रुमालांत बांधून ठेवीत. दफ्तराचे हे ‘रुमाल’ पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही त्याच नावाने मोजले जातात. या रचनेत मेज नव्हते, तरी क्रम होता. तो उंचीने फारसा दाखविला जात नसे. धन्याच्या किती जवळ बसावयाचे, लोडाला टेकावयाचे की नाही, यावरून तो दिसे.

व्यापारी पेढीत हीच पद्धत अधिक साध्या रूपात होती. पांढऱ्या चादरीची गादी, पाठीशी लोड-तक्के, मुनिमापुढे उतरत्या झाकणाची लाकडी पेटी आणि तिच्यावर वही. येणारा गिऱ्हाईकही त्याच बैठकीच्या कडेला टेके. मालकाला सर्वजण दिसत आणि सर्वांना मालक दिसे. त्याचे बोलणे कोणापासून लपत नसे, तसे कारकुनाचे आळसावणेही लपत नसे. ‘गादी’ हा शब्द येथे आसन, व्यवसाय आणि वारसा या तिन्ही अर्थांनी चाले, आणि तिन्ही अर्थ एकाच चौरस जागेवर एकत्र बसलेले असत.

आधुनिक कचेरीने या परस्परदर्शनाचे काय केले, हे पाहण्यासाठी अमेरिकेकडे वळावे लागते. बफेलो येथील लार्किन या साबण विकणाऱ्या व टपालाने माल पाठविणाऱ्या कंपनीसाठी फ्रँक लॉइड राइट याने बांधलेली इमारत १९०६ साली वापरात आली. मध्ये छतापर्यंत मोकळा, वरून प्रकाश घेणारा चौक, त्याच्या तळाशी ओळीने मेजे, आणि वरच्या मजल्यांच्या सज्जांतही कारकून. वरिष्ठ अधिकारीही त्याच चौकात, सर्वांच्या दृष्टीसमोर बसत. येथवर पेढीचीच आठवण व्हावी. परंतु काही खुर्च्या मेजाला फिरत्या दांड्याने जखडलेल्या होत्या. त्यामुळे जमीन झाडणे सोयीचे झाले, मात्र बसणाऱ्याला आपली खुर्ची आपल्या मर्जीने पुढे-मागे घेता येईना. ही इमारत १९५० साली पाडण्यात आली.

फ्रेडरिक टेलर याचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला आणि विल्यम लेफिंगवेल याने ती दृष्टी कचेरीत आणली. त्याच्या १९२५ च्या ग्रंथातील एक हिशेब नमुनेदार आहे. शंभर कारकुनांपैकी प्रत्येकाला पाणी पिण्यासाठी पन्नास फूट जावे व तितकेच परत यावे लागले आणि तो दिवसातून पाच वेळा गेला, तर सर्वांची मिळून रोज पन्नास हजार फूट, म्हणजे सुमारे साडेनऊ मैल चाल होते; तीनशे दिवसांत ती तीन हजार मैलांच्या घरात जाते. गणित बिनचूक आहे. त्यात धरलेले नाही ते एवढेच की, पाण्यापर्यंत चालत जाणारा माणूस वाटेत पाठ सरळ करतो, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलतो, आणि कधी कधी त्या दोन शब्दांत अडलेले कामही सुटते. मेजांची मांडणी ही येथे प्रथमच निव्वळ अंतराची बाब ठरली.

याविरुद्ध प्रतिक्रिया जर्मनीत उमटली. एबरहार्ड व वोल्फगांग श्नेले या बंधूंनी हँबुर्गजवळील क्विकबोर्न येथून १९६० च्या सुमारास ‘कचेरीचा भूप्रदेश’ अशा अर्थाच्या नावाची मांडणी पुढे आणली. कागद व निरोप कोणाकडून कोणाकडे जातात याचे निरीक्षण करावयाचे आणि त्यानुसार मेजे वेड्यावाकड्या दिसणाऱ्या गटांत ठेवावयाची. मध्ये झाडांच्या कुंड्या व हलके पडदे. अधिकाऱ्यांनाही बंद खोल्या नाहीत. हेतू समतेचा होता. पण गोंगाट, खिडकीपासूनचे अंतर आणि सतत कोणाच्या तरी नजरेत असणे यांचा जाच कामगारांना जाणवला, आणि १९७० नंतरच्या दशकात जर्मनीतील व शेजारच्या देशांतील कर्मचाऱ्यांनी आपल्या प्रतिनिधींमार्फत त्याला विरोध केला. नेदरलँड्समधील आपेलडोर्न येथे हेर्मान हेर्ट्सबर्खर याने १९७२ साली पूर्ण केलेली विमा कंपनीची इमारत लहान लहान चौकटींची आहे. त्यांतील जागा काम करणाऱ्यांनी स्वतः सजवावी अशी तिची योजना होती.

अमेरिकेत रॉबर्ट प्रॉप्स्ट याने हर्मन मिलर कंपनीसाठी, जॉर्ज नेल्सन याच्या साह्याने, १९६४ साली नवे कचेरीसामान सिद्ध केले. ते फारसे खपले नाही. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत सरकते पडदे आले. हे पडदे रुंद कोनात जोडून प्रत्येकाला थोडा आडोसा व थोडा मोकळेपणा मिळावा, अशी प्रॉप्स्टची कल्पना होती. ग्राहक कंपन्यांनी ते काटकोनात जोडले. कमी जागेत जास्त माणसे मावू लागली आणि पडद्यांची कोठडी झाली. साधन तेच, कोन बदलला, आणि अर्थ उलटला.

आता मध्यम आकाराच्या खासगी कचेरीचा विचार करावा. कारण या इतिहासातील ताण तेथेच सर्वांत अधिक जाणवतो. दहा माणसांच्या पेढीत मालकाची नजर पुरते. हजारांच्या कंपनीत नियम नजरेची जागा घेतात. तीस-चाळीस माणसांच्या कचेरीत नजर पुरत नाही आणि नियम अद्याप रुळलेले नसतात. अशा ठिकाणी मराठी व्यवहारात जो शब्द रूढ झाला तो ‘केबिन’. इंग्रजीत झोपडी किंवा जहाजावरील लहान खोली असा अर्थ असलेला हा शब्द येथे वरिष्ठाच्या बंद खोलीचा वाचक झाला. ‘केबिन मिळाली’ म्हणजे बढती, ‘केबिनमध्ये बोलावले’ म्हणजे बहुधा कानउघाडणी. गादीच्या शब्दसमूहात असा प्रयोग नाही, कारण गादीवर बोलावून घेणे हे सर्वांसमक्ष घडे. केबिनीला काचेची भिंत असली म्हणजे आतील माणसाला बाहेरचे दिसते; बाहेरच्याला आतले दिसते, पण ऐकू येत नाही. परस्परदर्शन राहिले, परस्परश्रवण गेले.

यावरून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. आसनावरून अधिकार ओळखण्याची रीत टिकली. बदलला तो अधिकार दाखविण्याचा मार्ग. सदरेत तो जवळिकीने दिसे, लार्किनच्या चौकात आपली खुर्ची हलविता न येण्यात, कोठड्यांच्या कचेरीत आडोसा मोजून देण्यात आणि केबिनीत दार लावून घेण्यात. लार्किन, क्विकबोर्न व प्रॉप्स्ट या तिन्ही ठिकाणी योजकाचा हेतू आणि बसणाऱ्याचा अनुभव यांत अंतर पडले, आणि ते प्रत्येक वेळी एकाच कारणाने पडले : जागा कोणाची किती, हे बसणाऱ्याला न विचारता ठरले. पुढील संशोधनाला येथे मोठे क्षेत्र आहे. कचेऱ्यांचे जुने नकाशे, सामानाच्या याद्या आणि सुतारांची बिले ही साधने दप्तरांच्या तळाशी पडून असतात व रद्दीत जातात. भाषेच्या अभ्यासकाने ती शब्दकोशाशेजारी ठेवून वाचली, तर कारभाराच्या इतिहासात आजवर नाव नसलेला कारकून कोठे बसत होता, एवढे तरी सांगता येईल.