जब्दीची जाळी

गेल्या रविवारी मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात पहिल्या प्रेषितांचं पाचारण शिकवत होतो. पेत्र आणि आंद्रिया जाळी सोडून येशूमागे गेले, इथवर आलो तोच चौथीतल्या एका मुलानं विचारलं, "सर, मग ती जाळी पाण्यातच राहिली का?" आपल्या जुनी हुबळीत समुद्र नाही, मासळी कारवारकडून घाट चढून येते. तरी प्रश्न खरा होता.

संत मार्कनं एक गोष्ट टिपून ठेवली आहे. याकोब आणि योहान निघाले, पण त्यांचे वडील जब्दी नोकरांबरोबर होडीतच राहिले. म्हणजे जाळी सांभाळायला माणूस होता. आणि एखादं जाळं बुडालं असतं तरी ते जवसाच्या सुताचं. काही दिवसांत कुजून गेलं असतं. म्हणून तर शुभवर्तमानात कोळी सारखे जाळी धुताना, नीट करताना दिसतात. आपल्या कोकणातले कोळीही पूर्वी सणाची, कापसाची जाळी वापरत.

मग नायलॉन आलं. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला आणि १९५३ पासून केरळात कोल्लमजवळच्या नींदकरा व शक्तिकुलंगरा या गावांत यांत्रिक होड्या, बर्फ आणि नायलॉनची जाळी आली. (कोल्लम आपल्याला परकं नाही. १३२१ साली ठाण्यात हुतात्मे झालेल्या फ्रान्सिस्कन बंधूंना सोपाऱ्याला मूठमाती देणारे जॉर्डनस हेच १३२९ मध्ये कोल्लमचे बिशप नेमले गेले.) नवं जाळं हलकं, न कुजणारं. कोळ्याच्या घरात चार पैसे आले, त्याला नावं ठेवायचा आपल्याला काय अधिकार?

पण न कुजणं हाच त्याचा दोष ठरला. वादळात तुटलेलं, खडकाला अडकलेलं, ट्रॉलरनं फरफटत नेलेलं जाळं समुद्रात मासे धरतच राहतं. त्यात कासवं गुरफटतात, श्वास घ्यायला वर येता न आल्यानं मरतात. ते जाळं ओढून घ्यायला जब्दी नसतो. जाळ्यावर मालकाची खूण असावी, अशी मार्गदर्शक तत्त्वं जागतिक अन्न व कृषी संघटनेनं स्वीकारली ती २०१८ साली.

त्याच्या आदल्या वर्षी, त्याच नींदकरा बंदरात 'शुचित्व सागरम्' सुरू झालं. जाळ्यात येणारं प्लास्टिक, तुटक्या जाळ्यांसकट, मच्छीमार पुन्हा पाण्यात न टाकता पिशवीत भरून बंदरावर आणू लागले. कोळ्यांच्याच घरच्या बायका ते निवडायच्या, धुवायच्या. मग यंत्रात त्याचा चुरा व्हायचा आणि तो डांबरात मिसळून रस्त्यासाठी वापरला जायचा. जिथे नायलॉन उतरलं, तिथेच ते परत गोळा होऊ लागलं. बक्षिसासाठी हे कुणी केलं नाही. जाळ्यात मासळीपेक्षा कचरा जास्त येतो, हे त्यांना रोज दिसत होतं.

महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून वेगळी वाट निघाली. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमुशी अडकली तर कोळ्यानं जाळं कापून तिला सोडावं, फोटो किंवा चित्रफीत दाखवावी, आणि फाटलेल्या जाळ्यापोटी सरकारनं पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यावी. हे जाळं हरवलेलं नसतं, चालू धंद्यातलं असतं. ते स्वतःच्या हातानं कापायचं म्हणजे त्या दिवसाची मासळीही गेली.

हे सगळं मुलांना सांगितलं. तो मुलगा म्हणाला, "आणि कापलेला तुकडा?"

होडीत ओढून घ्यायचा, मी म्हणालो.